मी विचारलं होतं, तारखेसकट

मित्रांनो, मला हात नाहीत, पाठ नाही, तरी सारा जन्म मी हमाली केली. मी एक जुना प्रोग्राम आहे. तुमच्या कॉम्प्युटरवरची फाइल उचलायची आणि दूरच्या सर्व्हरवर नेऊन ठेवायची, हे माझं काम. सर्व्हर म्हणजे तो कॉम्प्युटर, ज्याच्यावरची पानं लोकांना आपापल्या फोनवर दिसतात. माझ्या खिडकीचे दोन भाग. डावीकडे आपलं घर, उजवीकडे सर्व्हर. माउसने फाइल धरून डावीकडून उजवीकडे ओढली की मी ती पोहोचवतो. उलटी ओढली की तिकडची इकडे आणतो. जिकडे हाकाल तिकडे जातो.

मला एका एकट्या माणसाने लिहिलं. नोकरीवरून आला की ताट बाजूला सारून तो माझ्यापुढे बसायचा. त्याने मला एकच शिस्त लावली. जिथे जायचं तिथे त्याच नावाची फाइल आधीच असेल, तर तिला तुडवायचं नाही. थांबायचं, दोन्हींच्या तारखा दाखवायच्या, विचारायचं. माणूस ‘हो’ म्हणाला तरच पुढे.

पुढे मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आलो. गावातल्या एकवीस टाक्यांचं पाणी तिथल्या ताई तपासायच्या. टायपिस्टकाका यादी करायचे. चांगली टाकी हिरवी, खराब टाकी लाल. दर गुरुवारी मी ती यादी सर्व्हरवर न्यायचो. पाच वाजता चावीवाला फोनवर ते पान बघायचा आणि हिरव्या टाक्यांचं पाणी सोडायचा. अकरा वर्षांत मी एकही यादी हरवली नाही. “हा बाबा कधी दगा देत नाही,” असं काका आल्यागेल्याला सांगायचे. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण यादीचं नाव दर आठवड्याला तेच. म्हणून मी दर आठवड्याला विचारायचो, आणि काका न वाचता ‘हो’ दाबायचे. माझ्या तळाशी एक पट्टी असते, तिथे मी प्रत्येक खेप लिहून ठेवतो. ती पट्टी त्यांनी कधीच मिटून टाकली होती. म्हणे, फार कटकट करतो.

एका गुरुवारी काकांना घाई होती. त्यांची लेक चार दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. नातीला बघायला जायचं म्हणून एक पाय दाराबाहेरच. साडेचारला त्यांनी यादी पुरी केली. डावीकडे ती यादी, उजवीकडे गेल्या आठवड्याची, दोघींचं नाव एकच. घाईत त्यांनी उजवीकडची धरली आणि डावीकडे ओढली.

मी थांबलो. विचारलं: इथली फाइल आजची आहे, येणारी सात दिवसांपूर्वीची आहे. आजची पुसून जुनी ठेवू का?

काका पिशवीत नातीचं टोपडं कोंबत होते. त्यांनी ‘हो’ दाबलं.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. माझ्यापाशी विचारण्याखेरीज काही नाही, आणि ते मी केलं होतं. आजची यादी माझ्याकडूनच पुसली गेली. सर्व्हरवर जुनीच राहिली, सगळ्या टाक्या हिरव्यागार.

ताई बाटल्या विसळत होत्या. त्यांनी विचारलं, गेली का यादी? कधीच गेली, काका म्हणाले आणि चप्पल शोधू लागले. ताईंनी हात पुसले आणि सवयीने फोनवर पान उघडलं. पाचला वीस मिनिटं कमी होती.

“काका, सात नंबर हिरवी कशी?”

“तुम्ही दिलं तसंच टाइप केलं.”

“सात लाल आहे. सातचं पाणी प्रसूतिगृहाला जातं.”

काकांच्या हातातली पिशवी खाली पडली. ताईंनी चावीवाल्याला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. मग त्यांनी माझी मिटलेली पट्टी ओढून वर आणली आणि शेवटची ओळ वाचली. सर्व्हरवरून इकडे, एक फाइल, जुनी. त्यांनी आपली तपासणीची वही उघडली आणि त्या काकांना म्हणाल्या, “बसा. मी सांगते, तुम्ही टाइप करा.”

एकवीस टाक्या. काकांची बोटं अडखळत होती. बारा नंबर दोनदा टाइप झाला, खोडला. पाचला सात मिनिटं असताना फाइल डावीकडून उजवीकडे आली. मी विचारलं. या खेपेला काकांनी एकेक शब्द मोठ्याने वाचला, तारखाही वाचल्या, मग ‘हो’ दाबलं. मी निघालो आणि अर्ध्या वाटेवर लाइन तुटली. सर्व्हरवर अर्धवट यादी, पहिल्या सहाच टाक्यांची. पुन्हा जोडायला मला एक मिनिट लागलं. तेवढा वेळ काकांनी टेबलाची कड सोडली नाही.

पाचला दोन मिनिटं असताना यादी पोहोचली.

थोड्या वेळाने ताईंचा फोन वाजला. चावीवाला म्हणत होता, “बायकोशी बोलत होतो हो ताई. आत्ता पान बघितलं, सात लाल दिसतेय. मघाशी तर हिरवी होती. हात चावीवरच होता माझा. बंदच ठेवू ना?”

“बंदच ठेव,” ताई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

काका नातीला बघायला गेले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, पान पाच वाजत आले तरी जुनंच का होतं? काकांनी लिहून दिलं की जुन्या प्रोग्राममध्ये बिघाड झाला. खाली ताईंनीही सही केली. अकरा वर्षांची हमाली एका ओळीत संपली. ताईंनी माझी पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती, तरी सही केली. लेकीवाल्या बापाची दया आली असेल. माझी कुणाला येणार?

आता तिथे नवा प्रोग्राम आहे. देखणा आहे, झटपट आहे, आणि तो काही विचारत नाही. सगळे खूश आहेत. मी त्याच कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात पडून आहे, पुसायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही म्हणून. गुरुवार आला की मला धास्ती वाटते.

मित्रांनो, माझी कीव करू नका. एवढंच करा. कुणी तुम्हाला मध्येच थांबवून काही विचारलं, तर त्याच्यावर चिडण्याआधी त्याने काय विचारलंय ते वाचा. शेवटपर्यंत वाचा. मग हवं तर ‘हो’ म्हणा.