गादीवरचा पाय

मी फळी बोलतेय. चर्चमधल्या बाकाच्या पाठीला बिजागरीनं अडकवलेली, मागच्या माणसानं गुडघे टेकायची फळी. प्रार्थना आली की मला खाली पाडतात, संपली की पायानं वर ढकलतात. अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. तसं असेल तर माझ्यावर पुष्कळ अक्कल टेकून गेली आहे! पण आज माझी स्वतःचीच चालत नाहीये. माझ्यासमोर शिलाईवाली बसलीय, शेजारी तिची सून, आणि दोघींच्या मध्ये फोन. मेला वाजतच नाहीये.

पहिल्यापासून सांगते, तेवढाच जीव रमेल.

मला घडवणारा सुतार घाईतला. बिजागरीचा स्क्रू नीट पिळलाच नाही त्यानं, म्हणून मी जन्मापासून कुरकुरते. स्वभावच तसा, म्हणाल तर म्हणा. आधी मी नुसतं लाकूड होते. शिलाईवालीनं पडद्याच्या उरलेल्या कापडाची गादी शिवून माझ्यावर चढवली, तेव्हापासून मी तिची. कुणी माझ्यावर बूट ठेवला की ती मागून खेकसते, "ए, पायपुसणं आहे का ते?"

जन्मभर मशीनचा पायडल मारून तिचा उजवा गुडघा कामातून गेलाय. डॉक्टरांनी गुडघे टेकायला साफ मनाई केली. ऐकेल तर शपथ!

मग सून आली. तिच्या माहेरी हे काहीच नव्हतं, त्यामुळे तिच्या प्रश्नांना अंत नाही. डोळे का मिटायचे? उघडे ठेवले तर देवाला ऐकू येत नाही का? दर वेळी तेच शब्द म्हणून त्याला कंटाळा येत नसेल? आणि गुडघेच का टेकायचे?

"आधी तोंड मीट, मग डोळे," सासू म्हणायची.

हा शेवटचा प्रश्न मात्र मला आतून पोखरायचा. बसून केलेली प्रार्थना पोचत असेल, तर मी कशाला लटकलेय इथे?

त्यातून एक गंमत झाली. पाळकांची प्रार्थना संपली की सगळे एका सुरात 'आमेन' म्हणतात. सुनेला ते 'आम्ही' ऐकू यायचं. कित्येक रविवार ती खणखणीत आवाजात 'आम्ही!' म्हणत होती. एकदा सासूनं कान टवकारले.

"काय म्हणालीस?"

"आम्ही. पाळक मागतात, मग सगळे सांगतात ना, हे कोण मागतंय ते? आम्ही!"

सासूनं कपाळावर हात मारून घेतला. दारात पाळकांना विचारलं, तर ते हसून हसून बेजार. "आमेन म्हणजे तसंच होवो, बाई," म्हणाले. त्या दिवसापासून सून 'आमेन' म्हणू लागली खरी, पण लाजून, ओठातल्या ओठात.

आणि मागच्या आठवड्यात शिलाईवालीचा मुलगा, सुनेचा नवरा, परांचीवरून पडला. रंगारी आहे तो. मणक्याला मार बसलाय, पाय हलत नाहीत. आज ऑपरेशन. हॉस्पिटलात एकाच माणसाला थांबू देतात, तिथे धाकटा भाऊ आहे. काय ते तो फोनवर कळवणार.

सकाळी दोघी आल्या. शिलाईवालीनं आल्या आल्या मला खाली ओढलं.

"आई, बसून करा ना," सून म्हणाली. "देव भावाचा भुकेला."

"तुला काय जातंय बोलायला! मी इथे गुडघे टेकले नाहीत, तर तो तिथे पायावर उभा कसा राहील?"

टेकले. दोन वाक्यं झाली नाहीत तोच गुडघा कट्कन वाजला. "अगं आई गं!" काही केल्या उठता येईना. सुनेनं काखेत हात घालून कसंबसं तिला बाकावर बसवलं. गुडघा बघता बघता टम्म सुजला.

"झालं! अर्धीच राहिली," ती रडायला लागली. "आता कोण ऐकणार माझं?"

सुनेनं खाली वाकून सासूची चप्पल काढली आणि तो दुखरा पाय उचलून माझ्यावर ठेवला.

"अगं, गादीवर पाय?"

"तुम्हीच शिवलीय ना? ठेवा." मग ती खेटून बसली. "मी मागते. तुम्ही फक्त शेवटचं म्हणा."

तिचे डोळे उघडेच. नजर त्या सुजलेल्या पायावर. "देवा, त्यांना चालू दे. आईंनाही चालू दे. बस, एवढंच."

शिलाईवालीनं सुनेचा हात घट्ट धरला.

"आम्ही," ती म्हणाली.

सून बघतच राहिली.

"बघतेस काय? आम्हीच. तू नि मी."

तेव्हापासून तो पाय माझ्यावर आहे. कढत लागतोय. मी आज कुरकुरत नाहीये, हललेसुद्धा नाहीये.

तुम्ही इतकं ऐकलंत, तर जाता जाता माझं एक काम करा. बसलेले असा, उभे असा, डोळे मिटलेले असोत नाहीतर उघडे. आमेन म्हणा, नाहीतर आम्ही म्हणा, पण एकदा तोंडानं... अगं बाई! गादीवरचा पाय दचकला. फोन वाजतोय.

अहो, म्हणा ना लवकर!