पंचनाम्याआधी

गोजरबाईंनी रामरावांच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि पदरानं पुसून आपल्या मांडीवर ठेवला.

"तुमी मधात बोलनार असान तं मले नाही पाह्यचं."

"नाही बोलनार."

"मागच्या वक्ती बोलले होते."

"नाही म्हटलं न आता."

गोजरबाईंनी एकवार त्यांच्याकडं पाहिलं आणि त्या टीव्हीकडं तोंड करून बसल्या. सकाळीच चिखलीहून लेकीचा, पूनमचा फोन आला होता. मालिकेतला ज्ञानूचा भाग दुपारी पुन्हा दाखवणार आहेत, चुकवू नका. तेव्हापासून दोघांनाही धड घास गेला नव्हता. तो भाग पहिल्यांदा लागला तेव्हा ज्ञानू त्यांच्याशेजारी बसला होता. आता तो नव्हता, आणि त्याला पाहायचं तर हे एवढंच उरलं होतं.

रामराव सोनाळ्याचे पोलीस पाटील होते. विहिरीतून काढलेली, झाडावरून उतरवलेली कितीतरी प्रेतं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि पंचनाम्यावर सह्या केल्या होत्या. त्यामुळं टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका म्हणजे त्यांना आयतं कुरणच. सावकाराचा म्हणून दाखवलेला बंगला पुढच्या आठवड्यात डॉक्टरचा व्हायचा आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात खुन्याचा. इन्स्पेक्टरचे केस कॉलरवर रुळायचे. रक्त असं, की पाहुण्याला पेल्यात घालून द्यावं. सुऱ्याच्या मुठीवर किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच. खुनी कोण, हे तर तो दारातून आत येताच पेटीवाला सूर धरून सांगून टाकायचा. रामराव एकेक चूक उचलायचे आणि गल्ली पोट धरून हसायची. खरं म्हणजे गल्ली यायची ती मालिका पाहायला नाही, पाटलांना ऐकायला. शेजारचा निवृत्ती तर म्हणायचा, "पाटील, तुमाले मुंबईले धाडा लागते!"

मुंबईला गेला तो त्यांचा मुलगा, ज्ञानू. आधी मालिकांतल्या गर्दीत उभा राहिला, मग कोणाच्या तरी मागं चहा पीत बसला, आणि एकदाचं त्याला नीट काम मिळालं. प्रेताचं. पण चेहरा पूर्ण दिसणार होता. तो भाग लागणार होता त्या दिवशी ज्ञानू मुद्दाम गावी आला. गोजरबाईंनी पेढे आणवले. घर माणसांनी भरलं, पोरं खिडकीला लोंबकळली.

आणि ज्ञानू पडद्यावर आला, शेतात उताणा पडलेला. सगळे गप्प झाले. त्या शांततेत रामरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं,

"अबे, हा मेलेला तं श्वास घेऊन राह्यला!"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. घर हसून हसून लोळलं. ज्ञानूही हसला. सगळ्यांचं हसू थांबल्यावरही तो थोडा वेळ हसतच होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो शेगावला गेला, तिथून मुंबईच्या गाडीत बसला. पेढ्यांचा पुडा घरीच राहिला.

पुढं कधीतरी फोनवर त्यानं आईला सांगितलं, की सबंध भाग दोन दिवसांत उरकायचा होता. त्याला भर उन्हात पाडून ठेवलं होतं, मानेखाली मुंग्या होत्या. श्वास त्यानं धरला होता, पण कॅमेरा त्याच्यावरून हललाच नाही. पुन्हा घ्या म्हटलं तर म्हणाले, पैसा कुठाय, कोण बघतंय एवढं.

गोजरबाईंनी ते रामरावांना जसंच्या तसं सांगितलं. रामरावांनी त्याच संध्याकाळी ज्ञानूला फोन लावला, पाऊसपाण्याचं विचारलं, कपाशीचं सांगितलं आणि ठेवून दिला. समोरासमोर बोलू, दिवाळीला येईलच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दिवाळीच्या आधीच त्याला कावीळ झाली. ज्ञानू आला तो अँब्युलन्समधून. बोलायचं राहिलं ते राहिलंच, आणि त्या गोष्टीनं रामराव आतून पोखरून निघाले होते. तेव्हापासून ते टीव्हीसमोर बसले नव्हते.

भाग सुरू झाला तसा निवृत्ती आला आणि न विचारता उंबऱ्यावर बसला. पडद्यावर 'विदर्भातलं एक गाव' आलं. गावामागं नारळाच्या झाडांची रांग होती. निवृत्तीनं आशेनं रामरावांकडं पाहिलं. ते ढिम्म बसून होते.

"पाटील, आपल्या इकडं नारळ कधी..."

गोजरबाईंनी मान वळवली. निवृत्तीनं उरलेलं वाक्य गिळलं.

इन्स्पेक्टर जीपमधून उतरला. केस तेच. रामरावांनी ओठ आवळून धरले. शेतातून वाट काढत कॅमेरा पुढं गेला आणि थांबला.

"शर्ट घरचाच हाय," गोजरबाई हळूच म्हणाल्या. "खामगावहून घेतला होता."

कपाळावर ते लाल पाणी. एक हात अंगाखाली दुमडलेला. चेहरा आता सगळा दिसत होता. आणि शर्टाची वरची गुंडी हळूच वर आली, खाली गेली. झोपेचं सोंग घेतलेलं पोर आई जवळ आली की घेतं तसा तो जपून श्वास घेत होता. रामराव खुर्चीच्या कडेला सरकले. त्या दिवशी अंगणात त्याला ठेवलं होतं तेव्हा ते असेच त्याच्या छातीकडं बघत बसले होते. लोक म्हणाले, उठा पाटील, उशीर होतो. ते उठेचनात, तेव्हा निवृत्तीनंच त्यांना बखोटीला धरून उठवलं होतं. तेव्हा काही हललं नव्हतं. आता हलत होतं, अगदी डोळ्यांदेखत, आणि पुन्हा हललं.

गोजरबाईंच्या मांडीवरून रिमोट घसरून खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

इन्स्पेक्टरनं गॉगल काढला, एक वाक्य फेकलं आणि बोटानं खूण केली. ढगळ टोपीचा एक शिपाई लगबगीनं पांढरी चादर घेऊन आला आणि झटकून उलगडू लागला.

रामराव ताडकन उभे राहिले.

"अरे थांबा! अजून पंचनामा व्हायचा हाय. इतक्या लवकर झाकत नसतेत!"

बोलून गेल्यावर ते दचकले. निवृत्ती हसला नाही, खाली मान घालून बसला. रामरावांनी भीत भीत बायकोकडं पाहिलं.

गोजरबाई उठून गेल्या नव्हत्या. त्यांची नजर पडद्यावरच होती. चादर ज्ञानूच्या पायांवरून वर सरकत होती.

"जोरानं सांगा न त्यायले," त्या म्हणाल्या.