मापापुरता हात

कृष्णातने विंड टनेलच्या तोंडात अर्धं अंग घातलं आणि आतल्या सागवानावरून तळहात फिरवला. बोटांना कुठं सांधा लागला असता तर त्याने पाहुण्यांना ताटकळत ठेवून तिथं पॉलिश कागद मारला असता. सांधा लागला नाही. सातव्या पट्टीला मात्र केसाएवढी चीर पडली होती. तिच्यात त्याने मेण भरलं आणि अंगठ्याने दाबलं.

"झालं का रे?" बाहेरून हेर्लेकर सरांचा आवाज आला.

"व्हय सर. जरा चीर हुती, भरली."

"बाहेर ये. आणि ऐक. पाहुणे आले की तू फक्त मोटर चालू करायची आणि मागं जाऊन उभं राहायचं. मधे मधे बोलायचं नाही."

"न्हाय बोलत, सर."

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि टनेलवरची पितळी पाटी पुसली. पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'संकल्पना आणि निर्मिती : प्रा. व. रा. हेर्लेकर'. आठ वर्षं ती पाटी कृष्णातच पुसत आला होता. आज सरांना स्वतःचं नाव स्वतः पुसावंसं वाटलं, कारण जर्मनीहून प्रोफेसर क्लेम यायचे होते. त्यांनी चांगला अहवाल दिला की बेळगावच्या या कॉलेजात विमानविद्येचा नवा विभाग निघणार होता आणि त्याची मोठी खुर्ची सरांना मिळणार होती.

विंड टनेल म्हणजे हवेचा बोगदा. एका टोकाला पंखा, दुसऱ्या टोकाला माणूस आत शिरेल एवढं रुंद तोंड आणि मधे निमुळता होत गेलेला गळा. गळ्यात विमानाच्या पंखाची हातभर लांबीची प्रतिकृती बसवायची, वारा सोडायचा आणि तो कसा वागतो ते बघायचं. सगळी करामत त्या गळ्याच्या बाकात असते. बाक जरा चुकला की वारा आत भोवरे खातो.

तो बाक त्र्याहत्तर साली सरांनी जर्मनीहून कागदावर आणला होता. कागदावर एक वाकडी रेघ आणि खाली आकडे. ती रेघ लाकडात उतरवायला कृष्णातला अकरा महिने लागले. तो कॉलेजच्या पॅटर्न शॉपमध्ये इन्स्ट्रक्टर होता. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करायला पोरांना शिकवायचा. निपाणीत बुद्धविहारामागच्या गल्लीत तो वाढला. आई बायडाबाई तंबाखूच्या वखारीत पाला निवडायची, आणि हाताला पाला लागला की त्याची जात सांगायची. तो हात पोराकडं आला होता. लोंढ्याच्या लाकूड डेपोत जाऊन त्याने एकेक ओंडका ठोकून निवडला, पट्ट्या काढल्या, पट्ट्यांना बाहेरून धरणाऱ्या बरगड्या कापल्या. अकरावी बरगडी कापताना बँडसॉच्या फिरत्या पात्याने उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापासून नेली. सरांनी पंधरा दिवसांची रजा मंजूर केली. सोळाव्या दिवशी विचारलं, "तेवढा गळा कधी होणार?"

सगळं झाल्यावर फोटोग्राफर आला. सर म्हणाले, "कृष्णात, बाजूला हो. नाही, नाही, हात राहू दे तिथंच. बघणाऱ्याला माप कळायला पाहिजे."

दोन वर्षांनी लायब्ररीतल्या मष्णूने त्याला हाक मारून बोलावलं आणि परदेशी मासिकाचं एक पान उघडून दाखवलं.

"ह्यो हात तुजाच न्हवं रं?"

हात त्याचाच होता. गळ्याच्या कडेवर टेकलेला, साडेतीन बोटांचा, फोटोच्या कडेने मनगटापाशी कापलेला. वर सरांचं नाव. आजूबाजूला जर्मन मजकूर. लेख सरांनी इंग्रजीत लिहून पाठवला होता, तिथल्या लोकांनी तो त्यांच्या भाषेत करून छापला होता. सरांना जर्मनीत सहा महिने राहून 'नमस्कार' आणि 'आभार' याच्या पलीकडं काही आलं नव्हतं, म्हणजे स्वतःचा छापील लेख त्यांनाही वाचता येत नव्हता. कॉपी मात्र त्यांनी काचेच्या कपाटात लावली होती.

आपल्या हाताच्या भोवती काय लिहिलंय, एवढंच कृष्णातला हवं होतं. त्यासाठी त्याने कॅम्पातल्या डिसूझा बाईंच्या संध्याकाळच्या जर्मनच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं. कॉलेजात कुणाला बोलला नाही. वर्गात सगळी कॉलेजची पोरं, आणि मागच्या बाकावर अंगाला भुसा लागलेला हा पस्तिशीचा गडी. पहिलं वर्ष तोंडाला फेस आला. दुसऱ्या वर्षी हात बसला. एक दिवस लेखाचा दुसरा परिच्छेद लागला.

'या भागात कुशल कारागीर उपलब्ध नसल्यामुळे सर्व लाकूडकाम लेखकाने स्वतःच्या हातांनी केले.'

आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून त्याने एकेक शब्द डिक्शनरीत तीनतीनदा पाहिला. चूक निघावी अशी त्याची फार इच्छा होती. चूक निघाली नाही. मग मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. नाव दिलं नाही, ते एक वेळ त्याने गिळलं असतं. पण आपण नव्हतोच असं लिहायचं, आणि ते आपल्याच हाताच्या फोटोखाली?

त्या संध्याकाळी बायको जयाबाई म्हणाली, "दोन वरसं डोकं फोडून घेतलासा. त्या सरला शिव्याच द्याच्या हुत्या तर मराठीत काय कमी हुत्या व्हय?"

"शिव्या न्हाईत द्याच्या गं."

"मग?"

"मग बघू."

त्याने एक वाक्य तयार केलं. जर्मनमधलं, छोटं. 'हे खोटं आहे, हे मी केलंय.' रंधा मारताना, लाकूड चिकटवायचा सरस उकळताना, सायकलवरून घरी जाताना तो ते घोटत राहिला. पत्र लिहायचं मनात येई, पण पत्र पोचलं की नाही ते कुणाला कळणार? त्याला सरांचं तोंड बघायचं होतं. तीन वर्षं त्याने हा सूड मुरवत ठेवला. आणि आज क्लेम आपल्या पायांनी आले होते.

म्हातारा उंच होता, कान उन्हाने लाल झालेले. सरांनी इंग्रजीत तासभर व्याख्यान दिलं. कृष्णातने मोटर चालू केली, उदबत्त्यांचा जुडगा तोंडापाशी धरला. धूर आत ओढला गेला आणि गळ्यातून सुतासारखा सरळ निघाला. क्लेम खूश झाले. मोटर बंद करायला सांगून त्यांनी कोट काढला, तोंडात वाकले आणि आतून तळहात फिरवला. तो फिरवण्याची तऱ्हा पाहून कृष्णात चमकला. हा माणूस लाकडातला होता.

"खिळा एकही नाही," क्लेम इंग्रजीत म्हणाले. "पट्ट्या जोडल्या कशा? आणि तुमच्या पावसाळ्यात त्या उचलल्या कशा नाहीत?"

"ती... आमची पारंपरिक पद्धत आहे," सर म्हणाले.

"हो, पण कोणती?"

सर कृष्णातकडं बघू लागले. पुढं ये, आणि पुढं येऊ नकोस, दोन्ही त्या नजरेत होतं. कृष्णात पुढं आला आणि जर्मनमध्ये बोलू लागला.

 क्लेमनी भुवया वर केल्या आणि हात पुढं केला. कृष्णातने हात दिला. म्हाताऱ्याने तो लगेच सोडला नाही. अर्ध्या तर्जनीकडं बघितलं, मग टनेलच्या कडेकडं, जिथं फोटोत तो हात टेकला होता, आणि हळूच जर्मनमध्ये विचारलं, "बँडसॉ?"

"हो. अकराव्या बरगडीला."

"मी माझी वाचवली, पण थोडक्यात," क्लेम म्हणाले. त्यांचे वडील सुतार होते.

आता घोटलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. सुरुवात म्हणून कृष्णात म्हणाला, "हेर्लेकर सरांनी ही रेघ तुमच्या देशातून आणली." आणि सहज त्याची नजर सरांवर गेली.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एवढ्या बोलण्यात त्यांना फक्त स्वतःचं नाव कळलं होतं. त्याच्या मागंपुढं काय आहे ते कळत नव्हतं. ते एकदा कृष्णातच्या ओठांकडं बघत, एकदा क्लेमच्या चेहऱ्याकडं, आणि हातातला रुमाल पिळत.

कृष्णातने वाक्य गिळलं. दया आली म्हणून नव्हे. वाक्य बोललं असतं तर पाहुण्याने सरांना जाब विचारला असता, आणि जाब विचारला की माणूस उत्तर शोधतो, सर तर शोधण्यात पटाईत होते. जे कळलंच नाही त्याला उत्तर कुठून आणणार? तो वीस मिनिटं फक्त लाकडाबद्दल बोलला. सरस किती पातळ ठेवला, पट्ट्या दोन उन्हाळे कशा वाळवल्या, सांध्यात तिरका काप का दिला. एकही शब्द खोटा नव्हता. फक्त दर चार वाक्यांनी तो सरांचं नाव घालत होता, भाजीत मीठ घालावं तसं, आणि दर वेळी सरांचा रुमाल पिळला जात होता. इतका आनंद त्याला टनेल पुरा झाला त्या दिवशीही झाला नव्हता.

निघताना क्लेमनी सरांचा हात हलवला आणि इंग्रजीत म्हणाले, "आता मी तुम्हाला जर्मनमध्येच लिहीन. तुमच्याकडं वाचणारा इतका चांगला माणूस आहे."

गाडी सांबऱ्याच्या विमानतळाकडं गेली तसे सर वळले.

"कृष्णात, काय सांगितलंस त्यांना?"

"लाकडाचं इचारलं, लाकडाचं सांगितलं."

"आणि माझं नाव?"

"चांगलंच घेतलं की, सर."

ते खरं होतं, आणि खरं असूनही सरांना पटण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पॅटर्न शॉपमध्ये स्टुलाच्या जागी हात असलेली खुर्ची आली. आठवड्याने सर त्याला 'कृष्णातराव' म्हणू लागले. 'तू'चं 'तुम्ही' झालं. स्टाफरूममध्ये त्याच्यासाठी चहा येऊ लागला आणि चहा पिताना सर सहज विचारल्यासारखं विचारत, "तसं काही बोलणं झालं नाही ना हो तुमचं?" कृष्णात म्हणे, "न्हाय सर, लाकडाचंच." सरांची झोप उडाली आहे हे डोळ्यांखाली दिसत होतं. जयाबाई म्हणाली, "आता सोडा की त्या बामनाला."  कृष्णातला सोडायचं नव्हतं.

सातव्या आठवड्यात, पोरं हत्यारं जमा करून गेल्यावर, सर स्वतः चालत पॅटर्न शॉपमध्ये आले. एवढ्या वर्षांत ते इथं कधी आले नव्हते, काम असलं की निरोप पाठवत. हातात परदेशी टपालाचं पाकीट होतं. आतला कागद इतक्या वेळा उघडला-मिटला होता की घडीवर विरला होता.

"चार दिवस झाले येऊन," सर म्हणाले. "माझं नाव त्यात एकदाच आहे, कृष्णातराव. तुमचं चार वेळा."

"डिसूझा बाईंनी वाचून दिलं असतं."

"नको. बाहेर नको."

कृष्णातने हात पुसले आणि पत्र वाचलं. सहा ओळींत पाहुणचाराचे आभार होते, बेळगावचा कुंदा बायकोला फार आवडला असं होतं. अहवाल चांगला दिला आहे असं होतं. मग तिरक्या कापाचं एक चित्र पाठवा असं कृष्णातला सांगितलं होतं, आणि शेवटी एक ओळ. 'आमच्या मासिकाच्या पुढच्या अंकात टनेलवर पुन्हा छापायचं आहे, तेव्हा नवा फोटो पाठवावा. मागच्या फोटोत हात होता, या वेळी माणूसही दिसू द्या.'

ती ओळ त्याने दोनदा वाचली. डोळ्यांत पाणी आलं, ते भुशाने आल्यासारखं त्याने बाहीला पुसलं. सरांना भिण्यासारखं त्या पत्रात काहीच नव्हतं. एका वाक्यात सांगितलं असतं तर बिचारे आज रात्री झोपले असते.

"काय लिहिलंय?" सर टेबलावर वाकले.

"सांगतो की. बसा, सर."

खुर्चीवर कृष्णात होता. सर बाजूला सारलेल्या जुन्या स्टुलावर बसले. कृष्णातने पत्राची घडी घालून टेबलावर ठेवली, तिच्यावर उजवा हात टेकला, आणि डाव्या हाताने खणातून ते जुनं मासिक काढलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"ह्यो तुमचा लेख. तुमाला वाचाय येत न्हाय म्हनून म्या मराठीत करून ठेवलाय. आदी ह्यो घेऊ, मग पत्र. पेन हाय न्हवं? लिहून घ्या."

"हे आत्ता कशाला, कृष्णातराव?"

"क्रमानं जाऊ या, सर."

सरांनी खिशातून पेन काढलं. पहिला परिच्छेद त्यांनी भराभर लिहिला. दुसरा सुरू झाला. कृष्णात संथपणे, वर्गात पोरांना सांगावं तसं, छापील मराठीत सांगत होता.

"या भागात... कुशल कारागीर... उपलब्ध नसल्यामुळे..."

पेन थांबलं. सरांनी वर पाहिलं नाही. त्यांच्या समोर टेबलावर तो हात होता, साडेतीन बोटांचा, पत्रावर टेकलेला. कृष्णातने घाई केली नाही. सरस धरायलाही वेळ लागतो.

"पुढचं... पूर्ण लिहू?" सरांनी विचारलं.

"छापून आलंय, सर," कृष्णात म्हणाला. "पूर्ण लिहा."