कपाळी कुंकू लागलेला फलंदाज

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे असा तुमचा समज होईल, पण माझं वय अवघं सहा वर्षं आहे. मी बेसबॉलचं कार्ड. अमेरिकेतल्या छापखान्यात जन्मलो, चकचकीत पाकिटात बंद झालो आणि जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या जुन्या बाजारात विकायला आलो. तिथल्या लष्करी तळावरून मायदेशी परतणारी अमेरिकन कुटुंबं तिथे नको असलेलं सामान विकतात. साधना तेव्हा तिथे पीएच.डी. करत होती. तिने पाकीट उघडलं तर आत मी. माझ्यावर एका फलंदाजाचं चित्र, खाली त्याची खरी सही.

त्या दिवसापासून मला कुणाचं बोट लागलं नाही. साधना मला हातमोजे घालून धरायची. पुढे ती लुडविग्सहाफेनला एका रसायन कंपनीत केमिस्ट झाली, चारुदत्तशी लग्न झालं, पण माझी डबी तिच्याच कपाटात राहिली. एवढी निगा नवऱ्याच्या वाट्यालाही आली नाही. मी रोज बघत होतो.

माझ्या मालिकेत सव्वीस कार्डं. साधनाकडे, मी धरून, चोवीस होतीच. शिवाय मी दोनदा होतो. हे दुसरं कार्ड म्हणजे माझा जुळा भाऊ, पण त्याचा कोपरा दुमडलेला. फ्रँकफर्टचा एक संग्राहक माझ्या बदल्यात उरलेली दोन द्यायला तयार होता. अट एकच: कार्ड किती निर्दोष आहे याचे गुण देणाऱ्या तपासणीत मला दहापैकी दहा मिळायला हवेत. शनिवारी मला तपासणीला द्यायचं ठरलं.

गुरुवारी लक्ष्मीपूजन होतं. सासूबाई स्नेहलता पुण्याहून आलेल्या. साधना लॅबमध्ये होती.

"चारू, दागिने सगळे पुण्याच्या लॉकरमध्ये. पूजेत काय मांडू?"

"साधनाचं ते कार्ड मांड. सोन्याहून महाग आहे म्हणते." चारुदत्त लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला.

त्याने थट्टा केली, आईने ती आज्ञा मानून साधनाचं कपाट उघडलं. देवीपुढे वस्तू झाकून कशी ठेवायची, म्हणून त्यांनी मला डबीतून काढलं. मग ओल्या बोटाने फलंदाजाच्या कपाळी हळद लावली, वर कुंकू. उरलेलं सहीवर. सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला इतक्या मायेने हात लावला, हेही खरं.

साधना आली आणि दारातच थांबली.

"अगं, पुसते ना लगेच," म्हणत सासूबाईंनी पदर उचलला.

"नका आई. पुसलंत तर सही जाईल. आणि हळदीचा डाग निघत नाही, एवढी केमिस्ट्री येते मला."

"मीच म्हणालो गं, गमतीत," चारुदत्त पुटपुटला.

"तू गप्प बस."

पदर परत खांद्यावर घेत सासूबाई म्हणाल्या, "आल्या दिवशी एवढंच सांगितलंस, कपाटाला हात लावू नका. मला वाटलं, माझाच हात नको आहे."

 साधनाने फ्रँकफर्टच्या संग्राहकाला फोन लावला, डाग चालेल का विचारलं. पलीकडून "नाइन", म्हणजे जर्मनमध्ये 'नाही', एवढंच ऐकू आलं.

मग तिने अल्बम आणला, सासूबाईंच्या शेजारी बसली आणि एकेक कार्ड दाखवू लागली. हा कुठला, सही का महत्त्वाची, कोपरे का जपायचे.

"आणि ह्याचं लग्न झालंय?" सासूबाईंनी तिसऱ्याच कार्डाला विचारलं.

साधना हसली. पण पान उलटताना शेवटच्या दोन रिकाम्या खिशांपाशी तिचं बोट थांबलं, आणि सासूबाईंचं लक्ष तिथे गेलं.

"ही दोन मिळणार होती का?"

"हो."

सासूबाईंनी तिचा हात धरून ठेवला. 

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हाला जरूर जपा. घामट बोटं लावू नका, उन्हात ठेवू नका. पण घरातल्या माणसांना नुसतं 'हात लावू नका' म्हणून सोडू नका. का, तेही सांगा. साधनाला चार वाक्यं पुरली असती. ती तिने वाचवली, आणि दोन कार्डं गेली.