निळ्या पट्ट्याचा पंख

मी एक जुना ग्लायडर आहे, मित्रांनो, आणि मला पंख एकच आहे. दुसरा कुठे गेला ते सांगतो. जरा सावरून बसा.

जर्मनीत, श्वाबियाच्या पठारावर, एका लहानशा गावात माझा जन्म झाला. दुसरं महायुद्ध संपून एक तप उलटलं होतं. तोवर बिनइंजिनाची विमानं लाकडाची असत, वर कापड ताणलेलं. फोल्कमार नावाच्या तरुण इंजिनिअरच्या मनानं घेतलं, की काचेच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवायचं, साच्यात थरावर थर बसवायचं आणि त्यातून विमान काढायचं. गाव हसलं. गावातल्या ग्लायडर क्लबचा अध्यक्ष गोटहिल्फ, ज्याची गावात खानावळ होती, म्हणाला, "काचेचं विमान? मग खाली सुपं धरून उभे राहू की, तुकडे गोळा करायला!"

पण मी घडलो. एका माणसापुरती जागा, आरशासारखं अंग, लांबलचक पंख. वाऱ्याला माझ्यावर बोट टेकायला जागा सापडेना. वर्तमानपत्रांत फोटो आले. मला उडवायची ती फोल्कमारची धाकटी बहीण आडेलहाइट. वजनाला हलकी, जिभेला तिखट.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला टोचत असे. लाकूड मोडण्याआधी कुरकुरतं, उडवणारा सावध होतो. माझं दुखणं मुकं.

ऐन जुलैत माझं बारसं ठरलं. बारशाच्या विमानाच्या पंखांवर, अगदी मुळाशी, गडद निळा पट्टा ओढायची क्लबची रीत. लाकडी विमानांवर तो वर्षानुवर्षं शोभला होता. मलाही सगळ्यांनी हौसेनं रंगवलं.

दुसरी रीत गावाची. रविवारी चर्चमधली प्रार्थना संपेपर्यंत एकही विमान उडवायचं नाही. ही रीत मला फार प्रिय! त्या रविवारी सकाळीच मला जोडून मैदानात ठेवलं आणि मंडळी प्रार्थनेला गेली. सारा गाव एका सुरात गात होता. ऊन चढत होतं, आणि गडद रंग ऊन पितो. देवाचं नाव कानावर पडत होतं, आणि निळ्या पट्ट्याखाली माझी राळ मऊ होत होती. काळ काही वाजतगाजत येत नाही, मित्रांनो.

घंटा झाल्या. आडेलहाइट आत बसली. तिकडे सरळ शुभेच्छा दिली की दृष्ट लागते, म्हणून फोल्कमार ओरडला, "मान मोडो, पाय मोडो!"

"तुझीच मोडो, दादा! आणि बटाट्याचं सॅलड ठेव मला. गेल्या खेपेला पातेलं चाटून बसला होतास."

दोरानं मला वर खेचलं. माझे पंख रोजच्यापेक्षा जास्त वाकले, पण मी बोलणार कसा? लोकांसाठी ती आकाशात कोलांटी घेणार होती. तिनं माझं नाक खाली दाबलं, वेग आला, आणि मला वळवायची तिच्या हातातली दांडी जड झाली.

"काय रे, आज रुसलास?" ती म्हणाली. पुन्हा एकदा ओढून पाहिलं, तरी दांडी तशीच. "बरं बाबा, राहिलं." तिनं मला खाली आणलं.

फोल्कमार पंखावरून हात फिरवत आला. निळ्या पट्ट्यावर हात पोचला आणि चटकन मागे आला.

"उन्हात तवासुद्धा तापतो!" गोटहिल्फ म्हणाला. "लोकांना कोलांटी कबूल केलीय मी. जेवा, मग उडवा."

जेवणं होईतो ढग आले. मी निवलो, पुन्हा टणक झालो. साऱ्यांनी पंख ठोकून पाहिला. कुठे चीर नाही, सुरकुती नाही.

"ठणठणीत आहे," आडेलहाइट टोपी घालत म्हणाली. "दादा, स्वतःच्याच कामाला भ्यायलास होय? सरक, बसू दे."

"नको बसूस."

"कारण सांग."

कारण त्याला दाखवता येईना. ती एक पाय आत टाकणार, एवढ्यात तो शेडकडे धावला आणि करवत घेऊन आला.

"अरे वेड्या, किती हिवाळे घातलेस याच्यावर!" गोटहिल्फनं त्याचा दंड धरला. फोल्कमारनं तो सोडवून घेतला आणि निळ्या पट्ट्यावर करवत टेकवली.

पंख गवतावर पडला. त्यानं कापलेलं तोंड लोकांकडे वळवलं. पट्ट्याखालची माझी कातडी आतल्या कण्यापासून सुटली होती, पिकल्या संत्र्याच्या सालीसारखी. आडेलहाइटनं फटीत बोटं घातली. बोटं पार आत गेली. तिनं टोपी काढली आणि गवतातच बसली. त्या दिवशी पुढे तिनं एकही थट्टा केली नाही.

माझ्यानंतरची भावंडं पांढरीशुभ्र रंगली. मी शेडच्या कोपऱ्यात धूळ खात पडलो. फोल्कमार आज नाही, आडेलहाइटही नाही. परवा क्लबमधली नवी मंडळी माझा जुना फोटो घेऊन आली. "याला पंख बसवू," एकजण म्हणाला, "आणि हा पट्टा काय सुरेख दिसतो! तोही ओढू."

कालपासून माझ्याजवळ निळ्या रंगाचा डबा ठेवलेला आहे.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. त्या डब्याचं झाकण उघडण्याआधी, माझ्यात जो कुणी बसणार असेल, त्याचं नाव एकदा मोठ्यानं घ्या.