पाण्यावर हात

भाद्रपद सरत आला होता. करंजतळ्यावरचा पाऊस थांबला होता, पण आभाळ काही मोकळं झालं नव्हतं. काळसर, जड, निश्चल मेघ पाण्यावर ओणवे होऊन राहिले होते. वर मेघ, खाली जल, आणि मधल्या अरुंद फटीत पिवळट, आजारी उजेड. असा उजेड चांगला नव्हे. असा उजेड पडला की टिटव्यासुद्धा गप्प बसतात.

श्वेतकमळं होती. शिंगाड्याच्या वेलांची हिरवी जाळी पसरली होती. काठाकाठानं बेशरमीची जांभळी फुलं होती, नावाला जागून बारा महिने फुलणारी. सगळं जागच्या जागी होतं आणि कशातच जीव नव्हता.

त्या निर्जीव, नितळ, निःशब्द पाण्यावरून पैकू ढिवराचा डोंगा चालला होता. पंचावन्न वर्षांचा पैकू, मासे धरून पोट भरणारा. जन्म पाण्यावर काढलेला, पाण्याला कधी न भ्यालेला. आज मात्र भ्याला होता. उगाच फुशारकी कशाला मारा?

त्याची लेक भागरता बाळंतपणाला माहेरी आली होती. मागच्या खेपेला सातव्या महिन्यात तिची कूस रिती झाली होती. हा आठवा. अंगात रक्त कमी, ओठ पांढरे, पोटात अन्न ठरत नव्हतं. आणि आज पहाटेपासून पोटातलं बाळ गप्प होतं.

नर्सबाई सकाळीच येऊन ठोके ऐकून गेली होती. ठोके आहेत, म्हणाली. हिला काहीतरी खाऊ घाला, डाव्या कुशीवर निजवा. दुपारपर्यंत हललं नाही तर मी गाडी बोलावते. बोलली शांतपणे, पण जाताना दारात दोनदा वळून पाहिलं, आणि ते पैकूनं पाहिलं.

काय खाऊ घालायचं? पेज उलटत होती, वरण उलटत होतं. आठ दिवसांत एकच गोष्ट पोरीच्या पोटात टिकली होती, परवा धरून आणलेली मरळ मासळी. "जा जी," त्याची बायको धुरपता म्हणाली, "तेवढीच ठेवली होती तिनं पोटात. एक आणा. कशीबी आणा."

कशीबी. तो शब्द डोंग्यात त्याच्यासोबत बसून आला होता.

मरळीचा हा पिल्लांचा ऋतू. या दिवसांत शिंगाड्याच्या आडोशाला पाण्याचा एखादा तुकडा अचानक तांबूस होतो, शेंदरी होतो, आधण आल्यागत खदखदू लागतो. ती मरळीची पिल्लं. हजारोंच्या संख्येनं वर येतात, चिमूटभर वारा पितात, खाली जातात. आणि त्या रक्तिम थव्याखाली, काळोखात, आईबाप फिरत असतात. खात नाहीत, विसावत नाहीत. फक्त राखतात.

तळ्याकाठच्या ढिवरांचा एक नेम होता. कोणी लिहिला नव्हता, कोणी मोडला नव्हता. लाल पिल्लांवरची मरळ मारायची नाही. पिल्लं काळी पडू देत, आपापलं पोट भरू देत, मग गळ टाका. तोवर तिकडे बघायचंही नाही.

पैकूनं सकाळभर उघड्या पाण्यात गळ टाकला. बांधाकडे टाकला, कमळांत टाकला. गळाला लावलेला बेडूक पाण्यावर हातपाय झाडत राहिला, आणि तळं मेल्यासारखं पडून राहिलं. उन्हाविना दिवस चढत गेला. दुपार जवळ येत गेली. दुपार म्हणजे काय, हे त्याच्याशिवाय त्या पाण्यावर कोणाला ठाऊक होतं?

शेवटी शिंगाड्यापाशी आला, आणि पाणी लाल दिसलं.

खदखदतं, कुंकवाळ, जिवंत पाणी. पैकूनं वल्हं वर घेतलं. किती वेळ तरी तो नुसता पाहत राहिला. खालून एक काळी पाठ फिरून गेली. पुन्हा फिरून गेली. तीच पाठ, तोच वळसा. दुसरी दिसेना. दोन असायला हव्यात, आणि एकच होती.

दुसरी कुठे गेली, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. परवा याच शिंगाड्यापासून दोन हातांवर त्यानं मरळ धरली होती. त्या दिवशी वारा होता, पाणी डहुळलं होतं, पिल्लं तळाला बसली होती. वर लाली नाही म्हणजे मरळ सडीच, पिल्लांविना असणार, असं धरून चालला. वाऱ्याच्या दिवशी पिल्लं वर येत नाहीत हे पोराटोरांना कळतं. पंचावन्न वर्षांच्या ढिवराला त्या दिवशी आठवलं नव्हतं. की आठवू दिलं नव्हतं?

माघारी फिरावं, असं त्याला फार वाटलं. मग भागरताचे पांढरे ओठ आठवले. त्यानं डोळे मिटले आणि गळ लाल पाण्याच्या मधोमध सोडला.

पिल्लांवरची मरळ भुकेनं येत नाही. रागानं येते. पाणी फुटलं, बांबू वाकला, काळंभोर, सळसळतं, संतप्त शरीर डोंग्यात येऊन आपटलं. त्यानं ते ओल्या पोत्यात गुंडाळलं. मरळ पाण्याबाहेरही लवकर मरत नाही. पोतं वर होत होतं, खाली होत होतं. वर, खाली.

त्यानं वल्हं मारलं. डोंगा निघाला. आणि लाल पाणीही निघालं.

डोंग्याची काळी सावली पाण्यात होती, आणि पिल्लांना तेवढं पुरे होतं. वर काळं काही आहे, ते चालतंय, त्याच्या पोटाखाली जायचं. हजारो इवली तोंडं त्याच्या सावलीत शिरली. पैकूनं वल्ह्यानं पाणी बडवलं. थवा फुटला, पुन्हा जुळला. त्यानं वेग वाढवला, तीही निघाली. "जा न बाप्पा," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "जा, मी नोहे तो!" पिल्लं ऐकणार थोडीच. ती काठापर्यंत आली.

त्यानं डोंगा जमिनीवर ओढला. पाण्यातली सावली गेली. उथळ, उघड्या, पिवळट पाण्यात लाल थवा जागच्या जागी फिरत राहिला. पैकूनं पोतं खांद्यावर टाकलं आणि घराकडे जवळजवळ पळतच सुटला.

धुरपतानं पोतं हातातून घेतलं. चूल पेटली, रस्सा उकळला, भाताची वाफ घरभर झाली. भागरता भिंतीला टेकून उठून बसली. पहिला घास मोडला, ओठांपाशी नेला, आणि थांबली.

ढिवराचीच लेक ती. ऋतू तिला कळत होता.

"बाबा, पिल्लायवरची तं नोहे न?"

"नाही व. सडीच होती."

तिनं घास खाली ठेवला. शेजारचा पाण्याचा गडवा त्याच्यापुढे सरकवला. "पाण्यावर हात ठेवून सांगा. माह्याबी पोटात लेकरू हाये."

ही त्या काठची शपथ. बोटं पाण्यात बुडवून बोलायचं, आणि ज्यानं विचारलं त्यानं ते पाणी प्यायचं. म्हणजे शब्द पोचला. पाण्यावर जगणारी माणसं पाण्यावर खोटं बोलत नसत. बोललं तर काय होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आजवर कोणी बोललं नव्हतं. निदान तसं कबूल केलं नव्हतं.

धुरपता चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिची पाठ ताठ झाली.

पैकूनं बोटं बुडवली. पाणी थंडगार होतं. "सडीच होती," तो म्हणाला.

भागरता हसली. लहान पोरीसारखी, मनापासून. मग जेवली. भात कालवून जेवली, बोटं चाटून जेवली, आणखी मागून घेतला. काही उलटलं नाही. दाराबाहेर दुपार येऊन उभी होती. घरात फक्त तिच्या जेवण्याचा आवाज होता.

आणि ती एकदम थबकली. "माय," म्हणाली, "माय, हात दे!" तिनं आईचा पंजा ओढून पोटावर ठेवला. धुरपताच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहू लागलं. "हाललं," ती म्हणाली, "अवो, हाललं जी! लाथ मारली!" आनंदानं पैकूची छाती फुटायची वेळ आली. आता काहीही होवो, त्याला वाटलं, हे झालं ना, मग काहीही होवो.

भागरतानं ताट सारलं, हात धुतला. आणि गडवा उचलला.

"अवो, शब्द प्यायचा राहूनच गेला."

पैकूचा हात आपसूक पुढे आला. "राहू दे. दुसरं आणून देतो, ताजं."

"काहून?" तिनं कौतुकानं त्याच्याकडे पाहिलं. "खरं बोलले न तुमी?"

हात हवेत राहिला. मग मागे आला.

तिनं मान वर केली, गडवा ओठांना लावला. घोट उतरला. घोट उतरला. पांढऱ्या, कृश, कोवळ्या गळ्यातून एकेक घोट खाली उतरत गेला, खाली, जिथे बाळ जागं झालं होतं तिथे. पैकू मोजत नव्हता. तो नुसता पाहत होता. शेवटी तिनं गडवा उपडा करून त्याला दाखवला, आणि त्यातून एकही थेंब पडला नाही.