सहीसकट सून

नमुना लॅबमध्ये आला तेव्हा पिशवीवर नियमाप्रमाणे फक्त आकडा होता. माल कोणत्या कंत्राटदाराचा, हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून ही सोय. पण ट्रकच्या ड्रायव्हरने पिशवी टेबलावर ठेवली आणि तो मोकळेपणाने हसत म्हणाला, "वहिनी, घरचाच आहे. जरा सांभाळून घ्या."

वहिनीने हातमोजे न काढताच पिशवी पुढे ओढली. आतली खडी काळी होती, पण त्या काळ्यावर तकाकी नव्हती. प्लांटमध्ये डांबर जास्त तापवलं गेलं की असं दिसतं. नुसत्या डोळ्यांवर मात्र रिपोर्ट लिहिता येत नाही.

तिच्या सासऱ्यांचा धंदा रस्त्यांच्या कंत्राटांचा. स्थळ आलं तेव्हा त्यांनी काहीही मागितलं नव्हतं. "मुलगी द्या, बस. आणि तिने लॅबची नोकरी सोडायची नाही," एवढंच म्हणाले होते. तिचे वडील निवृत्त शिक्षक. हुंड्याविरुद्ध आयुष्यभर बोलत आलेला हा माणूस त्या अटीने इतका भारावला, की पुढे सभांमधून व्याह्यांचं उदाहरण देऊ लागला. सून डांबराच्या लॅबमधलीच का हवी, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

त्या दिवशी जेवताना सासऱ्यांनी विषय काढला. "ते ओव्हनचं काय असतं गं?"

"मिश्रणाच्या वड्या पाडायच्या आणि काही दिवस गरम हवेत ठेवायच्या, बाबा. उन्हावाऱ्यात रस्ता म्हातारा झाल्यावर कसा वागेल, ते आधीच कळतं."

"मग तो ओव्हन लावू नकोस. वड्या आत ठेव, दार लाव, बटण तेवढं दाबू नकोस. ताज्या वड्या पास होतात. तुझंही काम कमी."

नवरा ताटातली कोशिंबीर मन लावून ढवळत होता. सासू म्हणाली, "लग्नात तुझ्या माहेरचा एक चमचा तरी घेतला का आम्ही? लोक काय काय मागतात, जाऊन बघ जरा."

"आई, म्हणजे हे त्याच्याबदल्यात?"

"बदल्यात कसलं? घरातली माणसं एकमेकांचं करतात, त्याला मोबदला म्हणत नाहीत."

यात आणखी एक गाठ होती. नणंदेचं लग्न रस्ते खात्याच्या इंजिनिअरच्या पुतण्याशी ठरत आलं होतं. कामावर शेवटचा शेरा त्या काकाचा. त्यांनीही काही मागितलं नव्हतं. मात्र रस्त्याचं काम बिनबोभाट पार पडलं, तरच लग्नाची बैठक होणार होती.

दुसऱ्या दिवशी तिने वड्या ओव्हनमध्ये मांडल्या आणि बटण दाबलं. दिवा लागला, पंख्याची घरघर सुरू झाली. मग तिला एका जागी बसवेना. दुसऱ्या नमुन्याची खडी चाळता चाळता ती उठायची, तापमान बघायची, परत यायची, चाळणी कितवी होती तेच विसरायची. शेजारच्या टेबलावरची मदतनीस बाई म्हणाली, "केक ठेवलाय का आत? फुगला की सांगा, मेणबत्त्या आणते." तिला हसूही आलं नाही.

घरी कोणी भांडत नव्हतं. "लावला का?" एवढंच नवरा विचारायचा. "लावला," ती सांगायची. मग तो कपाट उघडून उगाचच शर्टांच्या घड्या बदलत बसायचा.

तिने लॅबमधूनच वडिलांना फोन केला. ते आता गरजणार, या आशेने तिने सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "त्यांनी आपल्याकडे कधी काही मागितलं नाही, बेटा. एकदा ऐकलंस तर बिघडेल का?"

फोन ठेवल्यावर ती थेट ओव्हनपाशी गेली. बटणावर बोट टेकवून उभी राहिली. बोट काढलं तेव्हाही दिवा लागलेलाच होता.

वड्या बाहेर काढायच्या दिवशी ती लॅबप्रमुखांच्या टेबलापाशी गेली. "सर, हा माल माझ्या सासऱ्यांचा आहे. यंत्र तुम्ही चालवा. मी नुसती उभी राहते."

"हे आधी सांगायचं नाही का?"

"आधी सांगितलं असतं तर नमुना दुसऱ्याकडे गेला असता, मग ओव्हन कोणी लावला असता?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग सगळ्यांना बोलावून त्यांनी पहिली वडी दाबयंत्रात धरली. काटा थोडा सरकला आणि कटकन आवाज झाला. वाळलेल्या टोस्टसारखे दोन तुकडे. दुसरी तशीच. तिसरीही.

"नवीन नमुना मागवून बघायचा का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"मागवा. पण आधी याचा रिपोर्ट, सर. सही तुमची, खाली माझा जबाब."

संध्याकाळी घरात वडील बसलेले दिसले. सासऱ्यांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. "माफी माग," वडील म्हणाले. "मी त्यांच्यापुढे हात जोडलेत."

"अप्पा, माझ्या लग्नात हुंडा दिला नाही, असं तुम्ही गावभर सांगत फिरता. दिलात की. माझी सही दिलीत. मला विचारलंत का?"



"भाषणं झाली असतील तर ऐक," सासरे कडाडले. "तिकडून निरोप आलाय. बैठक रद्द. माझ्या पोरीचं लग्न मोडलंस तू!"

नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आजवर तिच्या लग्नाबद्दल सगळे बोलले होते, तिच्याशी कोणीच नाही. ती पुढे आली.

"मोडलं का, बाबा? नापास रस्ता झाला. मी कुठे नापास झाले?"

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने मुलाकडे, मुलाने जमिनीकडे. नणंद वहिनीशेजारी येऊन उभी राहिली आणि उत्तराची वाट पाहू लागली.  ज्यांच्या घरी सध्या लग्नाची बोलणी चालू आहेत आणि ज्यांच्याकडे समोरच्यांनी काहीही मागितलेलं नाही, त्यांनी ते उत्तर घरातल्या मुलीला आजच देऊन टाकावं.